दोन चित्रांमधले चिंतामणराव

मराठी माणसाच्या मनात चिंतामणराव देशमुखांची दोन चित्रे पक्की बसली आहेत. पहिल्यात सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. १९१२च्या मॅट्रिकला तो मुंबई विद्यापीठात पहिला आला आहे आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकावली आहे. दुसऱ्या चित्रात साठ वर्षांचे अर्थमंत्री लोकसभेत उभे आहेत आणि मुंबईसाठी मंत्रिपद सोडत आहेत. या दोन चित्रांमध्ये चव्वेचाळीस वर्षे जातात. त्या वर्षांविषयी आपण जे लिहितो ती बहुधा पदांची यादी असते : आय.सी.एस., रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, अर्थमंत्री. यादी वाचून वाचक नमस्कार करतो आणि पुढच्या पानाकडे वळतो.

माझी तक्रार त्या नमस्काराबद्दल आहे. मधली वर्षे नीट वाचली नाहीत तर शेवटचे चित्रही चुकीचे वाचले जाते, असे मला वाटते. १९५६चा राजीनामा आपण मराठी अस्मितेचा हुंकार म्हणून लक्षात ठेवला. चिंतामणरावांनी सभागृहात जे मांडले ते मात्र बऱ्याच अंशी वेगळे होते, आणि आजच्या वाचकाला ते अधिक अस्वस्थ करणारे आहे.

आधी शिक्षण. मराठी चरित्रलेखनाला पहिल्या क्रमांकाचे व्यसन आहे. ‘पहिला आला’ हे दोन शब्द लिहिले की मुलगा काय शिकला, कोणाकडून शिकला, त्या शिक्षणाने त्याचे काय झाले, हे विचारण्याची गरज उरत नाही. चिंतामणरावांच्या बाबतीत तर हे व्यसन पुरवायला सामग्रीही भरपूर. १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडच्या पायथ्याच्या परिसरात, महाडजवळच्या नाते गावी जन्म. वडील वकील. बालपण रोह्याकडे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेज. तिथून केंब्रिजचे जीझस कॉलेज, १९१७ साली निसर्गविज्ञानाची पदवी, वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक.

या यादीत एक गोष्ट नाही, आणि ती नाही हेच तिच्यात सर्वांत महत्त्वाचे आहे. अर्थशास्त्राची पदवी. ज्या विषयामुळे त्यांचे नाव देशाच्या इतिहासात आले, त्या विषयाचे प्रशस्तिपत्र त्यांच्या भिंतीवर नव्हते. त्यांनी शिकलेल्या गोष्टी म्हणजे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि शाळेपासूनचे संस्कृत. पैशाचे शास्त्र त्यांनी नोकरीत, फायलीवर आणि बांधावर शिकून घेतले. औपचारिक शिक्षणाच्या फारशा वाटेला न गेलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट आवडावी यात नवल नाही. पण आवडीचा भाग सोडला तरी चरित्रकाराने इथे थांबायला हवे होते. सगळ्या परीक्षांत पहिला आलेला हा माणूस खऱ्या अर्थाने घडला तो ज्याची परीक्षाच नव्हती अशा विषयात.

इथे एक मोह होतो. वनस्पतिशास्त्राने त्यांना वर्गीकरण शिकवले, संस्कृत व्याकरणाने नियम शिकवले, म्हणून ते उत्तम अर्थमंत्री झाले, असे एक सुबक वाक्य लिहिता येते. मला ते पटत नाही. वनस्पतिशास्त्राचे अनेक पदवीधर उत्तम मास्तर झाले आणि संस्कृतचे अनेक पंडित हिशेबात कच्चे राहिले. शिक्षण आणि कारकीर्द यांचा सांधा इतका सरळ नसतो. तो शोधायचा तर मध्य प्रांतात जावे लागते.

आय.सी.एस.मध्ये त्यांना मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळाला. त्याआधीचा एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. चिरोल खटल्यासाठी टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. नोकरी सोडून देशकार्यात पडावे का, असे या तरुणाने त्यांना विचारले. टिळकांनी नोकरी करण्याचाच सल्ला दिला, कारभाराचा हा अनुभव पुढे स्वराज्याला लागेल म्हणून. हा प्रसंग आपण चिंतामणरावांच्या बाजूचा दाखला म्हणून वापरतो. इंग्रजांची चाकरी केली खरी, पण टिळकांच्या परवानगीने! मला हा वापर थोडा केविलवाणा वाटतो. दोनच वर्षांनी सुभाषचंद्र बोसांनी तीच नोकरी सोडली आणि त्यांना कोणाचा दाखला लागला नाही. चिंतामणरावांना तरी तो का लागावा? ते वीस वर्षे परकीय सरकारचे प्रामाणिक अधिकारी होते आणि १९४४ साली त्यांना ‘सर’ ही पदवीही मिळाली. हे लपवायचे कारण नाही. टिळकांच्या सल्ल्यातला खरा मुद्दा ‘अनुभव’ हा शब्द आहे, आणि त्या शब्दाकडेच कोणी पाहत नाही.

तो अनुभव कसला होता? जिल्ह्याचा कारभार आणि जमीन-महसुलाच्या बंदोबस्ताचे काम. बंदोबस्त अधिकाऱ्याचे काम म्हणजे गावोगाव फिरून जमिनीचा कस पाहायचा, कूळ कोण, मालगुजार कोण, विहीर कुठे, पीक काय, कर्ज किती याची नोंद करायची आणि सारा किती बसवावा ते ठरवायचे. हे सगळे कारणांसहित लिहून काढायचे, कारण वरचा अधिकारी प्रत्येक आकड्याला ‘का’ विचारणार. पुढे ते प्रांताच्या अर्थ खात्याचे सचिव झाले. १९३१च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. या सगळ्या नोकरीत मनात रुजणारी गोष्ट एकच असते : जो निर्णय नोंदला गेला नाही, तो झालाच नाही. हे वाक्य पुढे लागणार आहे.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. डिसेंबर १९४१मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. सर जेम्स टेलर यांच्या मृत्यूनंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. काळ कसा होता पाहा. महायुद्ध चालू, बंगालात दुष्काळ, नोटांचा पूर, आणि ब्रिटनकडे हिंदुस्थानचे पौंडांतले येणे दर महिन्याला फुगत चाललेले. १९४४ साली ब्रेटन वुड्सला गेलेल्या हिंदी शिष्टमंडळात ते होते. षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफही होते. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या जन्माच्या वेळी गुलाम देशाची ही माणसे स्वतंत्र देशासारखी भांडत होती.

जानेवारी १९४६मध्ये सरकारने वटहुकूम काढून पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. गव्हर्नर चिंतामणराव होते. अशा नोटा सुमारे १४३ कोटी ९७ लाख रुपयांच्या होत्या; त्यांतल्या सुमारे १३४ कोटी ९० लाखांच्या बदलून गेल्या. काळा पैसा म्हणून बुडाला तो जेमतेम नऊ कोटींचा. हे आकडे रिझर्व्ह बँकेच्याच इतिहासात नोंदलेले आहेत. ज्यांना वाचायचे होते त्यांना ते केव्हाही वाचता आले असते.

देशाची फाळणी झाली तेव्हा काही महिने दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच होती. तो अवघड संसार त्यांनी सांभाळला. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच वर्षाच्या मध्यास ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले.

अर्थमंत्रिपद त्यांच्याकडे आले ते एका राजीनाम्यामुळे, हे आपण सहसा सांगत नाही. जॉन मथाई यांनी १९५०मध्ये मंत्रिमंडळ सोडले. त्यांचा आक्षेप नियोजन आयोगाला होता. हा आयोग म्हणजे समांतर मंत्रिमंडळ होईल आणि खऱ्या मंत्रिमंडळाची जबाबदारी पातळ होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या जागी आलेले चिंतामणराव त्याच आयोगाचे सदस्य होते! सहा वर्षांनी ते स्वतः बाहेर पडले, तेव्हा त्यांची तक्रारही मंत्रिमंडळाला डावलल्याचीच होती. मथाईंचे म्हणणे त्यांना १९५०मध्ये पटले नव्हते की पटूनही देशाची गरज मोठी वाटली, हा प्रश्न मला चिंतामणरावांच्या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. आपल्याकडे तो विचारला जात नाही, कारण मथाई मराठी नव्हते.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कामांची यादी मी देणार नाही. मृत्युकर आला, कंपनी कायदा आला, पहिली योजना पार पडली आणि दुसरी सुरू झाली. यांतले एकच काम सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे बंदोबस्त अधिकारी आणि अर्थमंत्री एकमेकांना भेटतात. रिझर्व्ह बँकेने गोरवाला समितीकडून ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करवली. या समितीवर आपले धनंजयराव गाडगीळ होते. देशभरातल्या ७५ जिल्ह्यांतली ६०० गावे पाहिली गेली. १९५४ साली अहवाल आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के, व्यापारी बँकांचा एक टक्काही नाही. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून जवळजवळ ७० टक्के. पन्नास वर्षे सहकाराचा कायदा राबवून हे फळ!

समितीने सांगितले की इंपीरियल बँक सरकारने ताब्यात घ्यावी आणि तिला खेड्यांकडे वळवावे. १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले. आज तालुक्याच्या गावी स्टेट बँकेच्या दारात रांग दिसते, तिच्या मुळाशी हा अहवाल आहे. तो स्वीकारणारा मंत्री सावकारी कर्ज आकड्यांतून ओळखत होता तसा बांधावरूनही ओळखत होता. हे माझे अनुमान आहे, पण त्याला आधार आहे : लंडनच्या नाणेबाजारात वाढलेल्या अर्थमंत्र्याला या अहवालात एवढी घाई वाटली नसती.

आता जानेवारी १९५६. हा महिना दिवसादिवसाने पाहायला हवा.

१६ जानेवारीला नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई केंद्रशासित राहील. मुंबईत उद्रेक झाला, मोरारजी देसाईंच्या सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. आणि १९ जानेवारीच्या रात्री, मुंबई अशी पेटलेली असताना, आकाशवाणीवरून दुसरा आवाज आला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख देशाला सांगत होते की आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आहे. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी, ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, एकूण २४५ संस्था, एका वटहुकमाने. काही आठवड्यांपूर्वी, डिसेंबर १९५५मध्ये, फिरोझ गांधींनी लोकसभेत विमा कंपन्यांतली लबाडी उघडी पाडली होती, त्यामुळे कारण तयार होते. पण वेळेआधी बातमी फुटली तर कंपन्या पैसे हलवतील, म्हणून बेत अगदी मोजक्या माणसांपुरता ठेवला गेला होता.

हे दोन आवाज एकाच आठवड्यातले आहेत, आणि आपल्या इतिहासलेखनात ते कधी शेजारी ठेवले जात नाहीत. मुंबईचा आवाज ‘महाराष्ट्र’ या प्रकरणात जातो, विम्याचा ‘अर्थकारण’ या प्रकरणात. शेजारी ठेवले तर एक अवघड गोष्ट दिसते. चर्चेविना, मोजक्या माणसांत ठरवून, रेडिओवरून जाहीर केलेल्या निर्णयाचा ज्यांना पुढे संताप आला, त्यांनीच त्याच आठवड्यात देशातला एक अख्खा धंदा जवळजवळ त्याच रीतीने हलवला होता. मी हा आरोप म्हणून लिहीत नाही. विम्याच्या बाबतीत गुप्ततेला सबळ कारण होते आणि पुढे संसदेने रीतसर कायदा केला. तरीही राज्यकारभारात मोजक्या माणसांची खोली केव्हा क्षम्य आणि केव्हा अक्षम्य, हा प्रश्न चिंतामणरावांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो.

जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला होता. तो लगेच स्वीकारला गेला नाही आणि त्यांनीही हट्ट धरला नाही. फेब्रुवारीअखेर त्यांनी अर्थसंकल्प मांडला. गोळीबार झाला तेव्हा बाहेर पडले नाहीत, सहा महिन्यांनी पडले, असा टोमणा यावर मारता येतो. पण या सहा महिन्यांत मनातली फाईल तयार होत होती, असे मला त्यांच्या निवेदनावरून वाटते. ३ जूनला नेहरूंनी मुंबईत पुन्हा एकदा केंद्रशासित मुंबईची घोषणा केली, आणि फाईल पूर्ण झाली.

जुलैच्या २५ तारखेचे लोकसभेतले निवेदन मराठी अस्मितेच्या अपेक्षेने वाचायला घेतले तर धक्का बसतो. महाराष्ट्राविषयी वरच्या वर्तुळात आकस आहे, हा आरोप त्यात आहे. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेल्याचा राग आहे. पण निवेदनाचा कणा वेगळा आहे. ३ जूनचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आला नाही. सदस्यांत फिरवलाही गेला नाही. ज्याला या प्रश्नात विशेष आस्था आहे अशा मंत्र्याला विचारले गेले नाही. मंत्रिमंडळाच्या एखाद्या समितीच्या बैठकीचीही नोंद नाही. आणि या तथाकथित निर्णयाचा अधिकृत मसुदा अजूनही कोणाजवळ नाही. बंदोबस्त अधिकारी बोलतो आहे! नोंद कुठे आहे, मसुदा कुठे आहे, सही कोणाची आहे, हे तो देशाच्या पंतप्रधानाला विचारतो आहे. नेहरूंच्या उत्तराचा रोख, पंतप्रधान हा पंतप्रधान असतो आणि धोरण सांगण्याचा त्याला अधिकार आहे, असा होता. एका बाजूला लोकांनी डोक्यावर घेतलेला नेता, दुसऱ्या बाजूला कागद मागणारा माणूस.

मुंबईचे काय झाले? चिंतामणराव ज्या निर्णयाविरुद्ध बाहेर पडले तो निर्णय अमलात आलाच नाही. काही आठवड्यांत संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्याचा मार्ग स्वीकारला, आणि त्याच्याविरुद्ध लढा पुढे १९६०पर्यंत चालला. तो रस्त्यावर जिंकला गेला, गिरणगावात, शाहिरांच्या फडांत, १९५७च्या मतपेट्यांत. त्याचे श्रेय चिंतामणरावांना देणे हे त्या लढ्यात पडलेल्या माणसांवर अन्याय करणारे आहे. राजीनाम्याने लढ्याला दिल्लीत एक प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरे; त्यापुढे जाऊ नये.

त्यांनी मागितलेल्या कागदाचे महत्त्व मात्र लवकरच दिसले, आणि तेही त्यांच्याच हाताने जन्मलेल्या संस्थेत. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. वर्ष उलटते न उलटते तोच महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले. गुंतवणूक समितीला विचारले गेले नव्हते. पुन्हा फिरोझ गांधी उभे राहिले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. निर्णय कोणी घेतला, कोणाच्या सांगण्यावरून घेतला, त्याची नोंद कुठे आहे, हेच छागलांपुढचे प्रश्न होते. दीड वर्षापूर्वी लोकसभेत विचारले गेलेले तेच प्रश्न. फक्त तेव्हा ते मुंबईविषयी होते, म्हणून महाराष्ट्राबाहेर कोणी ते फारसे मनावर घेतले नाहीत, आणि महाराष्ट्रात आपण त्यांतले ‘मुंबई’ तेवढे ऐकले.

राजीनाम्यानंतर चिंतामणराव मराठी राजकारणात उतरले नाहीत. १९५२मध्ये ते कुलाब्यातून, म्हणजे आपल्या मूळ जिल्ह्यातून, काँग्रेसचे म्हणून निवडून आले होते. १९५७ची निवडणूक त्यांनी लढवली असती तर समितीच्या लाटेत त्यांना कोण अडवणार होते? ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीतले इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा. १९६९मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि गिरी व रेड्डी यांच्या मागे तिसरे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच तिसरे! यावर फार काही लिहिण्यासारखे नाही. ती निवडणूक मुळात इंदिरा गांधी आणि त्यांच्या पक्षातल्या जुन्या नेत्यांची होती.

लेखक म्हणून त्यांच्याकडे पाहताना एक अंतर जाणवते. त्यांनी मेघदूत मराठीत आणले, संस्कृतात कविता केल्या, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. इंग्रजी आत्मचरित्र १९७४ साली आले, ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ या नावाने. त्यात अधिकारी सलग बोलतो, माणूस अधूनमधून डोकावतो. पहिल्या पत्नी रोझिना १९४९ साली गेल्या. १९५३च्या जानेवारीत त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केले. संविधान सभेच्या सदस्य, आंध्र महिला सभेच्या संस्थापक, नियोजन आयोगाच्या सदस्य अशा दुर्गाबाई. त्यांनीही पुढे पुस्तक लिहिले, ‘चिंतामण अँड आय’.

ही दोन पुस्तके जोडीने वाचावीत, असे मी सुचवीन. एक लिहिले आहे आयुष्यभर पहिल्या आलेल्या माणसाने. दुसरे लिहिणाऱ्या बाईंनी इंग्रजीची सक्ती नको म्हणून बाराव्या वर्षी शाळा सोडली, हिंदी शिकून इतर मुलींना शिकवली, काही वर्षांनी बाहेरून परीक्षा देत देत पदवी आणि वकिली गाठली. आपल्याकडे यांतल्या पहिल्याच शिक्षणावर लेख येतात. दुर्गाबाई मे १९८१मध्ये गेल्या, चिंतामणराव पुढच्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला, हैदराबादला. आपण ज्यांना चिंतामणराव, सर चिंतामण, सी. डी. म्हणत आलो, त्यांना दुर्गाबाईंनी आपल्या पुस्तकाच्या नावात नुसते ‘चिंतामण’ म्हटले आहे.